शेवटच्या दिवशी सर्व्हर का अडतो?

पीक पाहणीची मुदत संपायला दोन-तीन दिवस उरले की तेल्हारा तालुक्यातल्या हिवरखेडपासून अकोल्यापर्यंत एकच उत्तर ऐकू येते, ‘सर्व्हर डाऊन हाय.’ शेतकरी वावराच्या धुऱ्यावर उभा राहून पऱ्हाटीचा फोटो काढतो, माहिती भरतो, बटण दाबतो आणि फोनच्या पडद्यावरचे चक्र फिरत राहते. गावातल्या सेवा केंद्रावर जावे तर तिथेही तेच चक्र, फक्त पडदा मोठा. मग मुदतवाढीची बातमी येते. गर्दी चार दिवस पांगते आणि नव्या शेवटच्या तारखेला पुन्हा तिथेच जमते.

हा प्रकार इतका अंगवळणी पडला आहे, की सर्व्हर डाऊन होणे ही अवकाळी पावसासारखी, कोणाच्याच हातात नसलेली गोष्ट मानली जाते. प्रत्यक्षात ती माणसांच्या हातातली आहे. आलेली माहिती कुठे, किती प्रतींत आणि कोणत्या क्रमाने लिहायची, याचे निर्णय कोणीतरी आधी घेतलेले असतात. त्यांचा भार शेवटच्या दिवशी शेतकऱ्याच्या अंगावर येतो. हे निर्णय बदलता येतात, आणि त्यातल्या बऱ्याच बदलांसाठी नवी यंत्रेही विकत घ्यावी लागत नाहीत.

महाराष्ट्रात ई-पीक पाहणी १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झाली. टाटा ट्रस्टच्या मदतीने तयार झालेल्या अ‍ॅपमधून गाव नमुना बाराची नोंद, म्हणजे कोणत्या गटात कोणते पीक किती क्षेत्रावर उभे आहे ती माहिती, शेतकऱ्याने स्वतः भरायची पद्धत आली. त्याआधी हे काम तलाठ्याचे होते. एकाच तलाठ्याकडे अनेक गावे, त्यामुळे पाहणी वावरात कमी आणि चावडीत जास्त होते, ही तक्रार जुनीच. त्या मानाने नवी कल्पना चांगली होती आणि आहे. पण नोंद करण्याचा अधिकार शेतकऱ्याकडे आला, तशी ती न झाल्याची जबाबदारीही त्याच्याकडे आली. रकाना कोरा राहिला तर पीकपेरा नाही. हमीभावाच्या खरेदीसाठी नाव नोंदवताना, विम्याच्या दाव्याच्या वेळी, पीककर्जाच्या कागदपत्रांत तो कोरा रकाना आडवा येतो. तिथे ‘त्या दिवशी सर्व्हर बंद होता’ असे सांगून भागत नाही. न झालेल्या नोंदीची पावती कोणाकडेच नसते.

पाहणे सोपे, लिहिणे अवघड

कोणत्याही मोठ्या संगणकीय व्यवस्थेत माहिती दाखवणे आणि माहिती लिहून घेणे ही दोन वेगळ्या तोलाची कामे आहेत. एका कागदाच्या दहा झेरॉक्स काढल्या, की दहा जण एकाच वेळी तो वाचू शकतात. शंभर जण आले तर आणखी झेरॉक्स काढाव्यात. लिहिताना हे उलटते. दहा प्रती असतील तर बदल दहाही ठिकाणी करावा लागतो. त्यातली एक जरी मागे राहिली तरी खरी कोणती, हा तंटा उभा राहतो.

मग प्रती ठेवायच्याच कशाला? कारण यंत्रे बंद पडतात. गुगलने २००३ मध्ये आपल्या साठवणूक व्यवस्थेची रचना एका शोधनिबंधात मांडली, तेव्हा तिचे पहिले गृहीतकच हे होते की हजारो साध्या यंत्रांत कुठले ना कुठले यंत्र सतत नादुरुस्त असणार. यंत्र बिघडणे हा अपवाद नसून रोजचा व्यवहार आहे, असे मानूनच तिथे माहितीच्या प्रत्येक तुकड्याच्या तीन प्रती वेगवेगळ्या यंत्रांवर ठेवल्या जात. पुढे हडूप या मुक्त प्रणालीनेही तीन प्रतींचाच प्रघात पाळला. अशा अनेक यंत्रांवर वाटून ठेवलेल्या साठ्याला ‘डिस्ट्रिब्युटेड स्टोरेज’ म्हणतात. बँक, रेल्वेचे आरक्षण, मोबाइल कंपनीचा हिशेब, अशा बहुतेक मोठ्या व्यवस्था कमीअधिक फरकाने याच तत्त्वावर उभ्या आहेत.

आता खरा प्रश्न. तीन यंत्रांवर नोंद लिहायची असेल, तर शेतकऱ्याला ‘नोंद झाली’ असे कधी सांगायचे? एका यंत्रावर लिहून झाले की लगेच? दोन झाली की? का तिन्ही पूर्ण झाल्यावरच?

पंचनाम्याचे उदाहरण घेतले तर हे समजायला सोपे जाते. तीन पंच आहेत. तिघांच्याही सह्या झाल्याशिवाय पंचनामा पुरा नाही असे ठरवले, तर सगळे काम सर्वांत संथ पंचाच्या चालीने चालणार, आणि एक जण बाहेरगावी असला तर अडूनच बसणार. एकाच सहीवर भागवले तर काम झटपट होईल, पण तोच पंच उद्या नाहीसा झाला तर काय? मधला मार्ग असा, की तिघांपैकी कोणत्याही दोघांच्या सह्या पुरेत, आणि नंतर कोणी चौकशीला आला तर त्यानेही निदान दोघांना विचारावे. तिघांतून दोन वेळा दोन-दोन जण निवडले तर एक जण दोन्हीकडे असतोच, त्यामुळे ताजी माहिती सुटत नाही. अ‍ॅमेझॉनने २००७ मध्ये ‘डायनॅमो’ या आपल्या व्यवस्थेचे वर्णन प्रसिद्ध केले, त्यात हाच हिशेब आहे. एकूण प्रती किती, लिहिताना कितींची हमी घ्यायची आणि वाचताना कितींना विचारायचे, हे तीन आकडे गरजेप्रमाणे फिरवता येतात. लिहिण्याचा वेग वाढवणे म्हणतात त्याचा मोठा भाग असे आकडे समजून ठरवण्यात असतो.

प्रती किती दूर आहेत यालाही महत्त्व आहे. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. ऐकायला हा वेग अफाट वाटतो. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राची डेटा सेंटर दिल्ली, पुणे, हैदराबाद आणि भुवनेश्वर इथे आहेत. समजा, एखाद्या व्यवस्थेची एक प्रत पुण्यात आणि दुसरी भुवनेश्वरला ठेवली. सरळ रेषेत हे अंतर बाराशे किलोमीटरच्या वर आहे. म्हणजे नुसता निरोप जाऊन परत यायलाच सेकंदाचा ऐंशीवा भाग लागणार, आणि तारा सरळ रेषेत जात नसल्याने प्रत्यक्षात त्याहून जास्त. एका नोंदीला हे काहीच नाही. पण अ‍ॅप लिहिणाऱ्याने एका नोंदीसाठी असे वीस निरोप एकामागून एक पाठवायची रचना केली असेल, तर पाव सेकंद फक्त प्रवासात गेला. पैसे खर्च करून प्रकाशाचा वेग वाढत नाही; फेऱ्या मात्र कमी करता येतात.

कीर्द आणि खतावणी

लिखाण जलद करण्याची सर्वांत गुणकारी युक्ती वऱ्हाडातल्या जुन्या अडत्यांना आणि त्यांच्या दिवाणजींना माहीत होती. कापसाच्या गाड्या लागल्या असताना दिवाणजी प्रत्येकाचे खाते उघडून, पान शोधून, शिल्लक काढत बसत नसे. आलेला व्यवहार आधी कीर्दीत, एकाखाली एक, जसा आला तसा उतरवायचा. गर्दी ओसरली की दिवेलागणीला बसून त्याची खतावणी करायची, म्हणजे ज्याचे त्याच्या खात्यावर चढवायचे. कीर्द लिहायला पान शोधावे लागत नाही, म्हणून ती पटकन होते. आणि ती शाईने लिहिलेली असते, म्हणून मध्येच दिवा गेला तरी हिशेब बुडत नाही.

संगणकातही हेच चालते. कीर्दीला तिथे ‘लॉग’ म्हणतात. फिरत्या तबकडीची साधी हार्ड डिस्क मिनिटाला ७,२०० फेऱ्या घेते, म्हणजे सेकंदाला १२०. प्रत्येक नोंद तबकडीवर वेगळ्या जागी शोधून लिहायची आणि पक्की झाल्याची खात्री करून मगच पुढची घ्यायची म्हटले, तर सेकंदाला शंभराच्या आसपास नोंदी होतात. त्याच डिस्कवर एकाखाली एक लिहीत गेले आणि पन्नास-पन्नास नोंदी गोळा करून एकदमच पक्क्या केल्या, तर तोच वेग काही हजारांवर जातो. यंत्र तेच राहते, फक्त लिहिण्याची रीत बदलते. आजच्या एसएसडीमध्ये तबकडी नसते आणि ती कितीतरी वेगवान असते, तरी एकेक नोंद सुटी पक्की करणे तिथेही महागच पडते. या रीतीवर आधारलेली एक रचना पॅट्रिक ओनील आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये मांडली. फेसबुकमधून २००८ मध्ये बाहेर आलेला ‘कॅसँड्रा’ हा डेटाबेस त्याच वळणाचा आहे. तो तयार करणाऱ्या दोघांची नावे अविनाश लक्ष्मण आणि प्रशांत मलिक.

अर्थात खतावणी टाळता येत नाही, ती फक्त पुढे ढकलली जाते. दिवसाची कीर्द इतकी वाढली की रात्रभर बसूनही खाती चढेनात, तर दुसऱ्या दिवशी दिवाणजीला गाड्याच थांबवाव्या लागतील. डेटाबेसही नेमके हेच करतो. मागचे काम साचले की तो नव्या नोंदी मुद्दाम हळू घेतो, कधी काही काळ घेतच नाही. शेवटच्या दिवशी सकाळी बरे चाललेले अ‍ॅप दुपारनंतर एकाएकी गचके खाऊ लागते, त्यामागे हे एक कारण असू शकते. अशा वेळी वेगवान यंत्र आणण्याआधी, साचलेले काम आदल्या रात्रीच उरकले होते का, हे पाहायला हवे.

खोटी पावती

वेग वाढवण्याचा एक सोपा आणि वाईट मार्ग आहे. नोंद डिस्कवर लिहायचीच नाही, तूर्त यंत्राच्या स्मृतीत ठेवायची आणि ‘झाली’ म्हणून सांगून टाकायचे. वीज गेली किंवा यंत्र अडकले तर ती नोंद हवेत विरते, पण तोवर वेगाचे आकडे झकास दिसतात. ‘मोंगोडीबी’ या लोकप्रिय डेटाबेसमध्ये नोव्हेंबर २०१२ पर्यंत याहूनही सैल पद्धत होती. नोंद पाठवणारा प्रोग्रॅम मुद्दाम वेगळे सांगितल्याशिवाय उत्तराची वाटच पाहत नसे. नोंद पोहोचली, नाही पोहोचली, त्याला पत्ता नसे. त्यावर बरीच टीका झाली आणि मूळ पद्धत बदलण्यात आली.

काही माहितीसाठी असा सैलपणा खपतो. एखाद्या बातमीला किती जणांनी पसंती दिली, यातल्या चार-दोन नोंदी गहाळ झाल्या तर कोणाचे घर बुडत नाही. पीकपेऱ्याचे तसे नाही. सरकारी व्यवस्थेवर वेगासाठी दबाव आला, की हीच पळवाट घेण्याचा मोह होतो आणि तो बाहेरून दिसत नाही. पडद्यावर हिरवी खूण उमटते, शेतकरी निर्धास्त घरी जातो, आणि सातबाऱ्यावर काहीच चढलेले नाही हे त्याला खरेदी केंद्राच्या दारात कळते. यापेक्षा फिरणारे चक्र पत्करले. चक्र पाहून माणूस निदान उद्या पुन्हा प्रयत्न तरी करतो.

म्हणून ‘नोंद झाली’ हे दोन शब्द कधी दाखवायचे, हा फक्त तंत्रज्ञाचा प्रश्न राहत नाही. निदान दोन यंत्रांच्या डिस्कवर मजकूर पक्का झाल्याशिवाय ते दाखवता कामा नयेत, हे शासनाने लिहून ठेवले पाहिजे. मधल्या अवस्थेसाठी व्यापारातलीच जुनी सोय आहे, कच्ची पावती आणि पक्की पावती. फोनमध्ये माहिती उतरली की कच्ची, सर्व्हरवर पक्की झाली की पक्की. दोन्हींचे रंग वेगळे, शब्द वेगळे. आज अनेक अ‍ॅपमध्ये ‘जतन केले’ आणि ‘पाठवले’ यांतला फरक वापरणाऱ्याला उमगतच नाही, आणि त्यात बिचाऱ्याचा काही दोष नाही.

फोटोचे ओझे

थोडा हिशेब मांडून पाहू. पुढचे आकडे कोणत्याही वर्षाचे प्रत्यक्ष आकडे नाहीत, फक्त अंदाज बांधण्यासाठी धरले आहेत. समजा, राज्यात एका हंगामात १ कोटी नोंदी व्हायच्या आहेत आणि त्यातल्या २० लाख शेवटच्या दिवशी पाच तासांत येतात. पाच तास म्हणजे १८,००० सेकंद. म्हणजे सेकंदाला साधारण १११ नोंदी.

हा आकडा आजच्या डेटाबेसला मुळीच जड नाही. गट क्रमांक, पीक, क्षेत्र, तारीख, अक्षांश-रेखांश हा सगळा मजकूर दोन किलोबाइटमध्ये मावतो. १११ नोंदींचा मजकूर सेकंदाला सव्वादोनशे किलोबाइट भरला. एखादा साधा संगणकही एवढे पेलेल. पण प्रत्येक नोंदीबरोबर फोटो असतो. फोनच्या कॅमेऱ्यातून जसाच्या तसा आलेला फोटो ३ मेगाबाइटचा धरला आणि असे दोन फोटो असले, तर सेकंदाला ६६६ मेगाबाइट होतात. तीन प्रती ठेवायच्या तर जवळजवळ २ गिगाबाइट. मजकुराच्या तीन हजार पट ओझे फोटोचे आहे, आणि दोन्ही एकाच बटणाला, एकाच रांगेत बांधले की फोटो अडकला म्हणून मजकूरही अडकतो. बैलगाडीला जुंपलेला घोडाही बैलाच्याच चालीने चालणार.

इलाज काय असावा, हे या हिशेबातूनच दिसते. मजकूर आधी आणि स्वतंत्रपणे गेला पाहिजे. तो पक्का झाला की शेतकऱ्याला नोंदीचा क्रमांक मिळाला पाहिजे. फोटो फोनमध्येच आकसून दीड-दोनशे किलोबाइटचा करावा. कपाशी आहे की सोयाबीन, हे ओळखायला तेवढा पुरतो. मग तो रात्री, पहाटे, रेंज मिळेल तेव्हा मागाहून जावा. फोटोचा छोटासा ठसा, म्हणजे त्याच्यावरून गणिताने काढलेली ओळखखूण, मजकुराबरोबरच पाठवली तर नंतर फोटो बदलला गेला नाही याचीही खात्री होते. सातपुड्याच्या पायथ्याजवळ, डोंगराकडच्या शिवारात जिथे फोनवर एकच काडी दिसते, तिथे दोन किलोबाइट जातात. सहा मेगाबाइट जात नाहीत.

दुसरे ओझे फोटोइतकेच मोठे आहे आणि ते माणसाच्या स्वभावातून येते. उत्तर आले नाही की माणूस पुन्हा बटण दाबतो. पुन्हा, आणखी एकदा. सर्व्हरला ही प्रत्येक वेळी नवी मागणी वाटते, आणि ज्या क्षणी तो थकलेला असतो नेमके त्याच क्षणी काम पाचपट होते. १२ एप्रिल २०२५ रोजी देशभर यूपीआयचे व्यवहार खोळंबले, तेव्हा काही बँकांकडून ‘व्यवहार झाला का, झाला का’ अशी वारंवार विचारणा झाल्याने भार वाढल्याचे राष्ट्रीय पेमेंट्स महामंडळाच्या तपासात पुढे आले. तिथे तर बटण दाबणारे हात माणसांचे नव्हते, बँकांचे संगणकच होते. उपाय अवघड नाही. फोनने प्रत्येक नोंदीला एक क्रमांक द्यावा, आणि तोच क्रमांक दहा वेळा आला तरी सर्व्हरने ती एकच नोंद मानावी. पुढचा प्रयत्न अ‍ॅपने स्वतःहून करावा, दर वेळी जास्त थांबून, आणि सगळ्या फोनांनी एकाच ठोक्याला नव्हे तर मागेपुढे. जमिनीच्या तुकड्याला १४ अंकी भू-आधार क्रमांक मिळाल्याने ओळखीचा प्रश्नही बराच सुटला आहे. नावावर विसंबता येत नाही. तेल्हाऱ्यात हिवरखेड आहे तसे अमरावती जिल्ह्यात मोर्शी तालुक्यातही हिवरखेड आहेच.

क्रमांकावरून आठवावी अशी आणखी एक बारीक गोष्ट. अनेक यंत्रांवर माहिती वाटताना ती कशाच्या आधारे वाटायची, हे आधी ठरवावे लागते. तारखेप्रमाणे वाटली तर शेवटच्या दिवसाच्या सगळ्या नोंदी एकाच यंत्रावर कोसळतात आणि बाकीची यंत्रे हात बांधून बघत बसतात. तहसिलीत दहा खिडक्या उघडायच्या आणि ‘आजच्या तारखेचे अर्ज फक्त चार नंबरला’ अशी पाटी लावायची, तसे हे. अशा व्यवस्थेत आणखी दहा यंत्रे आणून टाकली तरी रांग हलत नाही. ‘सर्व्हरची क्षमता वाढवली’ अशी घोषणा झाल्यावरही अनुभव तोच राहतो, त्याचे एक कारण इथे सापडू शकते. गाव आणि गट यांच्या क्रमांकांवरून वाटणी केली तर भार आपोआप पसरतो.

सगळे सैल सोडता येत नाही हेही खरे. डिजिटल क्रॉप सर्व्हेच्या नव्या पद्धतीत शेतकऱ्यांची मुदत संपली की गावातले सहाय्यक उरलेल्या गटांची पाहणी करतात. एकाच गटावर शेतकऱ्याने फोनमध्ये साठवलेली जुनी नोंद आणि सहाय्यकाची नवी नोंद मागेपुढे पोहोचली, एकात तूर आणि दुसऱ्यात कपाशी, तर खरी कोणती? इथे जो आधी पोहोचला तो खरा, हा न्याय चालणार नाही. गटाच्या नोंदींचा एकच क्रम ठरला पाहिजे, दोन्ही नोंदी जपल्या पाहिजेत आणि निवाडा माणसाने दिला पाहिजे. पीकपेऱ्याच्या मजकुराला कडक शिस्त हवी. सैलपणा फोटोला चालतो.

तारीख एकच कशाला?

इतके करूनही एक गोष्ट उरते, आणि ती संगणकाबाहेरची आहे. ३६ जिल्ह्यांना एकच शेवटची तारीख देऊन गर्दी शासन स्वतःच तयार करते. २०२३ च्या खरिपात एक रुपयात पीक विमा आला, तेव्हा ३१ जुलैची मुदत ३ ऑगस्टपर्यंत वाढवावी लागली. पीक पाहणीलाही मुदतवाढ हा आता हंगामाचा भागच झाला आहे. मुदतवाढीने लोकांना दिलासा मिळतो, त्याबद्दल वाद नाही. पण पुढच्या वर्षी ‘तारीख वाढतेच’ हे गृहीत धरून लोक आणखी थांबतात, आणि मग डोंगर आणखी उंच होतो.

गर्दी वाटून देण्याचे प्रयोग इतरत्र झाले आहेत. १ ऑगस्ट २०२५ पासून यूपीआयवरचे आपोआप वळते होणारे हप्ते सकाळी १० ते दुपारी १ आणि सायंकाळी ५ ते रात्री साडेनऊ या गर्दीच्या वेळा सोडून घेतले जातात. शिल्लक तपासण्यावरही एका अ‍ॅपमागे दिवसाला ५० वेळांची मर्यादा आली. भारतीय कापूस महामंडळाने २०२५-२६ च्या हंगामासाठी ‘कपास किसान’ अ‍ॅपमधून कापूस आणण्याची वेळ आधी ठरवून घेण्याची पद्धत आणली. गाड्यांच्या रांगेला जर पाळी लावता येते, तर नोंदींच्या रांगेला का नाही? अकोला-अमरावतीची पेरणी आणि कोकणातली लावणी एका दिवशी होत नाही. मग त्यांची नोंद एकाच दिवशी संपण्याचे कारण काय? विभागवार चार-चार दिवसांच्या फरकाने मुदत ठेवली, तर शेवटच्या दिवसाचा डोंगर पाच-सहा टेकड्यांत विभागला जाईल. ‘त्यांना जास्त दिवस, आम्हाला कमी’ अशी ओरड होईल खरी, पण प्रत्येकाला दिवस सारखेच मिळतील अशी सुरुवातही मागेपुढे ठेवता येते.

याहून मोठा बदल म्हणजे मुदत ‘सर्व्हरवर पोहोचण्याची’ न धरता ‘वावरात नोंदवण्याची’ धरणे. फोटो मुदतीच्या आत काढला असेल, मजकूर फोनमध्ये पक्का झाला असेल, तर तो दोन दिवसांनी पोहोचला तरी ग्राह्य मानावा. यावर रास्त आक्षेप आहे, की फोनचे घड्याळ मागे करता येते. म्हणून घड्याळावर एकट्यावर विसंबायचे नाही. उपग्रहाकडून स्थानाबरोबर वेळही मिळते, ती नोंदीत बांधता येते. अ‍ॅपला दिवसातून एकदा रेंज मिळाली तरी सर्व्हरच्या वेळेशी ताळा घेता येतो. काही लबाड्या तरीही सुटतील. त्या तपासणीत पकडता येण्यासारख्या आहेत. सर्व्हरमुळे न पोहोचलेल्या प्रामाणिक नोंदी मात्र कोणत्याच तपासणीत सापडत नाहीत, कारण त्या कुठे नसतातच.

राहिला प्रश्न हे सगळे मागायचे कोणी आणि कसे. सरकारी निविदांत वेगाची अट सहसा सरासरीत असते: नोंदीला सरासरी अमुक सेकंद. सरासरी फसवी असते. शंभरातल्या नव्वद नोंदी अर्ध्या सेकंदात झाल्या आणि दहा जणांना अर्धा-अर्धा मिनिट ताटकळावे लागले, तरी सरासरी साडेतीन सेकंदांच्या आतच येते. त्या दहा जणांत डोंगराकडच्या शिवारातला, जुना फोन असलेला, सोयाबीन सोंगण्याच्या घाईत असलेला माणूस असण्याची शक्यता जास्त. म्हणून अट अशी हवी: शेवटच्या दिवशी, गर्दीच्या तासात, शंभरातल्या नव्व्याण्णवाव्या नोंदीला किती वेळ लागला. तो आकडा हंगाम संपल्यावर तालुकावार जाहीर व्हावा. आणि मुदतीच्या पंधरा दिवस आधी एक रंगीत तालीम घ्यावी. तेल्हाऱ्यासारख्या एखाद्या तालुक्यात ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या दोन तासांत, सेवा केंद्रे आणि सहाय्यकांचे फोन मिळून शेवटच्या दिवसाइतकाच भार मुद्दाम टाकायचा, आणि तो चालू असताना एक यंत्र जाणूनबुजून बंद करून पाहायचे. हिरवी खूण मिळालेली एकही नोंद त्यात गहाळ झाली, तर ते अ‍ॅप त्या हंगामापुरते सक्तीचे करू नये. तलाठ्याची कागदी नोंद ग्राह्य धरावी.